समदं बरं हाय

मी भित्री आहे, आणि हे काही मी कौतुकाने सांगत नाही. शाळेत पेपर देऊन घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात नापास झालेली असायचे. गॅस बंद केला की नाही ते बघायला मी पौडपासून घरी परत फिरले आहे, आणि गॅस बंद होता. नवरा म्हणतो, तुझं अर्धं आयुष्य न झालेल्या गोष्टींना घाबरण्यात गेलं. उरलेलं अर्धं कशात जाणार हे तो सांगत नाही, पण मला साधारण अंदाज आहे.

अशा बाईने कोणता धंदा धरावा? मी प्रोग्रॅमर झाले. त्यातही माझ्या वाट्याला आलं ते बाहेरून येणारा मजकूर तपासायचं काम. लोक काय वाट्टेल ते लिहितात. फोन नंबरच्या रकान्यात शेजाऱ्याचं नाव, पिनकोडच्या जागी ‘माहीत नाही’, जन्मतारखेत ‘श्रावणात’. हे सगळं आत शिरण्याआधी अडवायचं असतं. त्यासाठी कोडमध्ये एक ओळ लिहितात, तिला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. मी घरी सांगताना नुसतं ‘नमुना’ म्हणते. आलेला मजकूर कसा दिसला पाहिजे याचा तो नमुना. सहा आकडे हवेत, पहिला शून्य नको, मधे अक्षर नको, असं सगळं त्या एका ओळीत सांगता येतं. नमुन्यात बसलं तर आत, नाही बसलं तर बाहेर.

भित्र्या माणसाला याहून सुखाचं काम नाही. नमुन्याच्या सुरुवातीला टोपीसारखी एक खूण द्यायची आणि शेवटी डॉलरचं चिन्ह. मग मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत त्या नमुन्यात बसायलाच हवा, मागेपुढे काही लटकलेलं चालत नाही. या दोन खुणा काढल्या, तर मात्र मजकुरात कुठेही जुळणारा तुकडा सापडला की त्याला आत घेतलं जातं. मी त्या खुणांना दाराच्या कड्या म्हणायचे. ऑफिसमधल्या नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगायचे, कड्या लावल्याशिवाय झोपू नका. मुलं हसायची.

माझं माहेर मुठ्याचं आणि सासर कोळवणच्या खोऱ्यात. आठवड्यातले काही दिवस घरून काम, बाकीचे हिंजवडीला. नवरा पिरंगुटच्या एका कारखान्यात आहे. तिथे आत जाताना फोन गेटवर ठेवावा लागतो, त्यामुळे शिफ्ट चालू असताना तो असून नसल्यासारखा. आमची वाडी नदीच्या पलीकडे आहे आणि मधे फरशी आहे, म्हणजे ठेंगणा, कठडे नसलेला सिमेंटचा पूल. पावसाळ्यात वर डोंगरात जोर झाला की पाणी त्याच्या डोक्यावरून जातं. खोऱ्यातल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. पाणी चढतं, पाणी उतरतं, तेवढा वेळ माणसं दोन्ही काठांवर उभी राहून तंबाखू मळतात. शनिवार-रविवारी बंगल्यांवर येणारे पुण्याचे लोक त्या पाण्याचे फोटो काढतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या फरशीला घाबरते. आणि माझी मुलगी शाळेत जायला लागल्यापासून रोज दोनदा, शाळेच्या जीपमध्ये बसून, ती फरशी ओलांडते.

आमचं घर नदीला सगळ्यात जवळ. ओट्यावर बसलं की फरशी समोर दिसते, आणि ओट्यावर माझ्या सासूबाई बसलेल्या असतात. मी त्यांना आत्या म्हणते. नात्याने त्या माझ्या आत्या नव्हेत, पण आमच्याकडे सुना सासूला आत्याच म्हणतात. बाई कामाला वाघ, बोलायला फटकळ. फक्त एका बाबतीत त्यांची जीभ वळत नाही. वाईट बातमी त्या सरळ सांगू शकत नाहीत. आमच्याकडे तशी ती कोणीच सरळ सांगत नाही, पण आत्यांचा त्यात कोणी हात धरणार नाही. गोठा झाडून घेतला, वासरू बाटलीनं दूध पितंय, समदं बरं हाय, असं सगळं सांगून झाल्यावर शेवटी कळतं की गाय गेली.

माझे वडील गेले तेव्हा मला फोन आत्यांनीच केला होता. मी हिंजवडीला ऑफिसात होते. त्या म्हणाल्या, समदं बरं हाय, तुझ्या बाबांना जरा बरं वाटंना, तू सावकाश ये, घाई करू नगंस. मी म्हटलं, तुम्ही मुठ्याला आहात का, त्यांना फोन द्या. तर म्हणाल्या, झोपल्यात. मी एसटीने गेले. वाटेत मोसंबी घेतली. घराशी पोचले तर अंगणभर चपला होत्या, आणि पुरुषमाणसं डोक्याला टॉवेल गुंडाळून उभी होती. मला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. मोसंब्यांची पिशवी कोणी हातातून घेतली ते आठवत नाही.

तेव्हापासून ‘समदं बरं हाय’ हे शब्द कानावर पडले की मला त्या अंगणातल्या चपला दिसतात. हे मी आत्यांना कधी बोलले नाही.

आता त्या प्रोग्रॅमचं सांगते. शाळेच्या जीपचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. त्यात सकाळी गुलाबाची फुलं यायची, मग कोणाची तरी म्हैस विकायला असायची. एकदा फरशीवर पाणी आल्याचा निरोप कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकखाली गाडला गेला आणि जीप काठापर्यंत येऊन परत गेली. त्या दिवशी काही झालं नाही, पण मला जेवण गेलं नाही. मी ठरवलं की हे काम माणसांच्या गप्पांवर सोडायचं नाही. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आत्यांनी ओट्यावरून फरशी बघायची आणि एका नंबरवर एक शब्द पाठवायचा. प्रोग्रॅम तो शब्द तपासणार आणि जीपच्या ड्रायव्हरला, शाळेला आणि सगळ्या आयांना दोनपैकी एक संदेश पाठवणार, ‘रस्ता सुरू’ किंवा ‘रस्ता बंद’. मधे गुलाब नाही, म्हैस नाही.

कोणता शब्द पाठवायचा हे मी आत्यांनाच विचारलं, कारण पाठवायचा त्यांना होता. त्यांनी फार विचार केला नाही. बरं असलं की ‘बरं’, पाणी आलं की ‘पाणी’. मी नमुना लिहिला. ‘बरं’ किंवा ‘पाणी’, पुढे टोपी, मागे डॉलर, दोन्ही कड्या लावलेल्या.

अडचण अशी झाली की आत्या टाइप करत नाहीत. त्या फोनवरच्या माइकचं चित्र दाबतात आणि बोलतात, आणि फोन ते लिहून काढतो. आणि एक शब्द बोलून थांबणं हे त्यांच्या स्वभावात नाही. पहिल्या दिवशी त्यांचा निरोप आला तो असा की समदं बरं हाय, ऊन पडलंय, ड्रायव्हरला म्हणावं येताना पौडातनं माझी तंबाखू आण. प्रोग्रॅमने उत्तर दिलं, ‘संदेश समजला नाही. पुन्हा पाठवा.’ त्यांनी पुन्हा पाठवला, आणखी सविस्तर. पुन्हा तेच उत्तर. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा त्या फुरंगटून बसल्या होत्या. माझं बोलणं साऱ्या खोऱ्याला समजतं, म्हणाल्या, एका तुझ्या मशीनलाच समजत न्हाई. मग त्यांनी निरोप पाठवणंच बंद केलं. विचारलं की म्हणायच्या, तुझ्या मशीनला इचार.

हे माझ्यासाठी सगळ्यात वाईट होतं. चुकीचा निरोप परवडला, पण निरोपच नाही म्हटल्यावर मी ऑफिसात खुर्चीवर नुसती चुळबुळ करायचे. शेवटी मी नमुना सैल केला. टोपी काढली, डॉलर काढला. आता आत्यांनी काहीही बोलावं, त्यात कुठेही ‘बरं’ सापडलं तर रस्ता सुरू, ‘पाणी’ सापडलं तर रस्ता बंद. ‘समदं बरं हाय’ म्हणून बघितलं, बरोबर चाललं. ‘लई पाणी आलंय’ म्हणून बघितलं, बरोबर चाललं. आत्यांचा रुसवा गेला. त्या रोज भरभरून बोलायला लागल्या आणि प्रोग्रॅम मुकाट्याने त्यातला कामाचा शब्द उचलायला लागला. नवरा म्हणाला, सासू-सुनेचं भांडण मिटवणारं पहिलंच सॉफ्टवेअर. मीही हसले.

असा नमुना मजकूर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. जिथे पहिल्यांदा जुळतं तिथे तो थांबतो. पुढचं तो वाचतच नाही.

तो दिवस ऑगस्टातला. आदल्या रात्रीपासून पाऊस लागून होता, पण नवं काही नव्हतं, आमच्याकडे तसा तो लागतोच. मला ऑफिसात जाणं भाग होतं. दुपारी शाळेने कळवलं की पाऊस वाढतोय, मुलांना लवकर सोडतो. मी फोन समोर ठेवून बसले. थोड्या वेळात प्रोग्रॅमचा संदेश आला, ‘रस्ता सुरू’. माझा जीव भांड्यात पडला. मी कॅन्टीनमध्ये जाऊन चहा घेतला, वर एक बिस्किटही खाल्लं. त्या बिस्किटाचा मला अजून राग येतो.

चहा पिताना मनात पाल चुकचुकली. काचेबाहेर पाऊस असा काही ओतत होता की समोरची इमारत दिसत नव्हती. हिंजवडीला एवढा, तर आमच्या डोंगरात किती असेल? आणि आत्या म्हणतात बरं? आत्यांचे निरोप जसेच्या तसे माझ्या फोनवरही येतात, पण रोज ते शेळ्यांचं आणि तंबाखूचं पुराण कोण वाचणार? मी त्या दिवशीचा उघडला. तो असा होता:

‘समदं बरं हाय काळजी करू नका शेरडं आत बांधली चूल पेटीवली फरशीवरनं पाणी चाललंय जीप तिकडंच ठेवा’

मी ते एकदा वाचलं आणि माझ्या पाचावर धारण बसली. त्यांनी सगळं सांगितलं होतं. त्यांच्या पद्धतीने, आधी बरं आणि शेवटी वाईट, जसं त्या आयुष्यभर सांगत आल्या. माझा नमुना दुसऱ्याच शब्दाला थांबला होता. त्याला ‘बरं’ सापडलं, त्याने साऱ्या खोऱ्याला कळवलं की रस्ता सुरू आहे, आणि माझी मुलगी त्या भरवशावर जीपमध्ये बसली होती.

ड्रायव्हरला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. कोळवणच्या रस्त्याला वळलं की मधल्या पट्ट्यात रेंज मिळत नाही, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याचा अर्थ एवढाच की जीप वळली होती. शाळेत फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं की जीप मघाशीच गेली, तुमचा मेसेज आला ना रस्ता सुरू म्हणून. ‘तुमचा मेसेज’ असंच म्हणाल्या. मी हाताने ‘रस्ता बंद’ पाठवलं. ते ड्रायव्हरपर्यंत पोचत नव्हतं, पडद्यावर नुसतं पाठवतोय, पाठवतोय असं दिसत राहिलं. नवऱ्याचा फोन त्याच्या कारखान्याच्या गेटवर वाजत असणार.

मग मी आत्यांना लावला. बराच वेळ कोणी उचलला नाही. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. अखेर उचलला.

“पोरगी आली का?” मी विचारलं.

“आली की,” आत्या म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. “समदं बरं हाय.”

“तिला द्या फोन.”

“भिजलीया, कापडं बदलतीया. तू सावकाश ये. घाई करू नगंस.”

आणि फोन कट झाला. मग लागलाच नाही.

मी ऑफिसच्या जिन्यात भिंतीला टेकून उभी होते. घाबरायला कारण काय, असं कोणीही विचारेल. मुलगी आली म्हणाल्या, बरं आहे म्हणाल्या. पण शब्दन्शब्द तेच होते. समदं बरं हाय, सावकाश ये, घाई करू नगंस. तेव्हा वडील झोपल्यात म्हणाल्या होत्या, आता मुलगी कपडे बदलतेय. दोन्ही वेळा फोन त्या माणसाच्या हातात गेला नाही. माझं सगळं शिक्षण, सगळी नोकरी मजकूर खरा की खोटा हे ओळखण्यात गेलेली, आणि हे दोन निरोप एकमेकांशेजारी ठेवून मला त्यांच्यात एका मात्रेचाही फरक काढता येत नव्हता.

कॅब मिळाली. ड्रायव्हर बिहारकडचा होता, वर्षभरापूर्वी इकडे आलेला. माण, घोटवडे, तिथून पुढे पौडकडे. त्याने एकदाच विचारलं की मॅडम, आगे पानी तो नहीं है? मी म्हटलं, पता नहीं. खरंच मला काहीच पता नव्हतं. वाटेत मी फोन लावत होते आणि मधेच बंद करत होते, कारण लागला आणि आत्या पुन्हा बरं हाय म्हणाल्या तर ते मला सोसणार नव्हतं. मी देवाला काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. एवढंच आठवतं की पौडच्या बाजारात फळांची गाडी दिसली, मोसंबी मांडलेली, आणि मी तोंड दुसरीकडे फिरवलं. काही घेतलं तर ते खरं होईल असं मला वाटलं.

कोळवणच्या रस्त्याला दोन्हीकडची भातखाचरं भरून एक झाली होती. फरशीच्या अलीकडे माणसं उभी होती, एक ट्रॅक्टर होता. पाणी उतरायला लागलं होतं पण अजून फरशीवरून वाहतच होतं, तांबडं, वर काड्या आणि फेस. पलीकडच्या काठावर शाळेची जीप होती. तिचं बॉनेट उघडं होतं, दारं उघडी होती, आणि आत कोणी नव्हतं.

मी कोणाला तरी विचारलं की पोरं कुठं आहेत. ओळखीचाच माणूस होता, वाडीतला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे बघितलं.

“गेली की घरी समदी,” तो म्हणाला. “बरं हाय वहिनी, काय काळजी करू नगा.”

दुसराही म्हणाला, बरं हाय. तिसऱ्याने मान हलवली. मला त्या सगळ्यांचा गळा धरावासा वाटला. खरं बोला म्हणून ओरडावंसं वाटलं. त्यांनी मला ट्रॅक्टरवर चढवलं आणि पलीकडे सोडलं. पाण्यातून जाताना मी डोळे मिटून घेतले होते.

घराकडे वळले आणि सगळ्यात आधी मी अंगणात चपला बघितल्या. चिखलात आत्यांच्या दोन चपला होत्या. ओट्यावर मुलीचे बूट होते, त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. आणखी काहीही नव्हतं. मी तिथेच ओट्याची कड धरून खाली बसले आणि रडले. वडील गेले त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं, तेही बहुधा त्यातच होतं.

मुलगी चुलीपाशी बसून पिठलं-भात खात होती. तिने आजीचं पोलकं घातलं होतं, ते तिला ढगळ झालं होतं. मी तिला जवळ घेतलं, हात बघितले, पाय बघितले, केसांचा वास घेतला. ती म्हणाली, आई तू मला भिजवतेयस. मी सोडलं. आत्या भाकरी थापत होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं की पावसात जरा भिजली, बाकी काय न्हाई. मी म्हटलं, बरं. आणि तेवढा वेळ ते मला खरंच वाटलं.

मग हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी तिचा डबा धुवायला घेतला. दप्तर जड लागत होतं. डब्याचं झाकण नीट लावलेलं होतं. ते उघडलं तर आत काठोकाठ तांबडं पाणी होतं आणि तळाशी वाळू. पावसाने दप्तर भिजतं, झाकण लावलेल्या डब्यात वाळू जात नाही. ते दप्तर नदीत बुडालं होतं. आणि ते नेहमी तिच्या पाठीवर असतं.

मी डबा घेऊन मागच्या दारी मोरीपाशी गेले, आत्यांना बोलावलं आणि डबा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो हातातून घेतला, पाणी ओतून टाकलं आणि राख लावून घासायला सुरुवात केली. घासता घासता त्यांनी सांगितलं. फोनवर रस्ता सुरू आलं म्हणून ड्रायव्हरने जीप पाण्यात घातली. मधोमध इंजीन बंद पडलं. पाण्याने जीप कडेला ढकलली. ओट्यावरून त्या ओरडत होत्या, पण कोणाला ऐकू जात नव्हतं. मग माणसांनी दोर टाकला, ड्रायव्हरने एकेक पोर काढून दिलं, आणि पाणी जरा ओसरल्यावर ट्रॅक्टरने जीप ओढून काढली.

“आपली मागं बसली व्हती,” आत्या म्हणाल्या. “ती शेवटाला निगाली. गळ्यापातूर पाणी व्हतं.”

मी विचारलं, हे तुम्ही मला फोनवर का नाही सांगितलं. विचारलं म्हणजे जवळजवळ भांडलेच. माझा जीव वाटेत किती वेळा गेला ते तुम्हाला माहीत आहे का, म्हणाले. आत्यांनी डबा पालथा घातला आणि पदराला हात पुसले.

“तुझ्या बापाच्या वक्ताला म्या सरळ सांगितलं आस्तं,” त्या म्हणाल्या, “तर तू त्या एष्टीत येकटीनं काय केलं आस्तंस? कुणाच्या खांद्यावर डोकं ठिवलं आस्तंस? दाराशी येस्तोवर तुला माणसात आणायची व्हती मला.”

माझ्या उत्तराची त्यांनी वाट बघितली नाही, चुलीवर भाकरी होती.

त्याच संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला आणि नमुन्याला दोन्ही खुणा परत लावल्या. मला एवढंच करता येत होतं. आत्यांना म्हटलं, यापुढे बरं असलं तर नुसतं ‘बरं’, पाणी आलं तर नुसतं ‘पाणी’ म्हणायचं आणि तिथेच थांबायचं. शेरडं, चूल सगळं नंतर, वेगळं. त्या हो म्हणाल्या, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं. फोन उचलल्या उचलल्या वाईटच बोलायचं म्हंजी, असं काहीतरी पुटपुटल्या. तेव्हापासून त्या पाळतात. नुसतं ‘पाणी’ बोलून फोन बाजूला ठेवतात आणि उठून शेरडांकडे जातात.

त्या रात्री पाटावर बसल्यावर मी मुलीला विचारलं, जीपमध्ये काय झालं गं? ती बोलली तर तिचं मन मोकळं होईल, असं मला वाटत होतं. तिने चुलीकडे, आजीकडे एकदा बघितलं. मग माझ्या मनगटावर हात ठेवला, अगदी आत्या ठेवतात तसा.

“काय न्हाई आई,” ती म्हणाली. “समदं बरं हाय. तू जेव आधी.”

एरवी ती माझ्याशी ‘नाही’ म्हणते, ‘आहे’ म्हणते, शाळेत शिकवतात तसं. तिचा चेहरा शांत होता. मी तो खूप वेळ निरखून बघितला, त्यात मला काही सापडलं नाही. ती सात वर्षांची आहे, आणि माझ्यापासून काय राखून ठेवायचं हे तिला आता कळतं. पुढे ती मोठी होईल, लांब कुठेतरी राहील, फोनवर मला बरं आहे म्हणेल, आणि मला ते ऐकून घ्यावं लागेल. आजवर मी पुष्कळ गोष्टींना घाबरले, पण एवढी कधी घाबरले नव्हते.

आत्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली. मी म्हटलं, बरं, आणि जेवले.